पेट्रोल-डिझेल गाड्यांची विक्री तारीख ठरवून बंद करावी का?

पाऊलवाट:
युरोपियन युनियनने २०२३ मध्ये कायदा केला, की २०३५ पासून जी नवी कार किंवा व्हॅन विकाल तिच्या सायलेन्सरमधून कार्बन डायऑक्साइड शून्य निघाला पाहिजे. शून्य म्हणजे अर्थात सायलेन्सरच नको. तेव्हा टाळ्या वाजल्या, मग कुरकुर सुरू झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानेच प्रस्ताव आणला की १०० नको, ९० टक्के कपात पुरे, उरलेल्या दहाची भरपाई युरोपात बनलेलं कमी कार्बनचं स्टील, ई-फ्युएल (विजेने बनवलेलं इंधन), जैवइंधन असलं काहीतरी वापरून करा. ब्रिटनने २०२० मध्ये २०३० ही तारीख दिली, २०२३ मध्ये ती २०३५ केली आणि सरकार बदलल्यावर परत २०३० वर आणली (हायब्रिडना २०३५ पर्यंत सूट). कॅलिफोर्नियाचं २०३५ चं ठरलं होतं, २०२५ मध्ये वॉशिंग्टनने त्यांची परवानगीच रद्द केली, आता कोर्टबाजी.

तर मला विचारायचंय ते एवढंच की हवामानासाठी इंजिनच्या गाड्या जायला हव्यात हे धरून चाललं तरी त्यासाठी सरकारने तारीख ठरवून विक्री बंद करणं हा बरोबर मार्ग आहे का? मला स्वतःला वाटतं तारीख हवी. पण ज्या तारखा दर दोन वर्षांनी हलतात त्यांचा उपयोग काय हेही कळत नाही.

कृपया ईव्ही चांगली की वाईट यावर हा धागा नेऊ नका, त्यावर बोलून झालंय.

खुर्चीवरून:
हाहा, शेवटचं वाक्य लिहायलाच नको होतं ताई. आता तेच होणार.

तिरपागडा:
तारीख वगैरे काही नको. टाइपरायटर कायद्याने बंद केले का? रोलवाले कॅमेरे? चांगली वस्तू स्वस्तात आली की लोक जुनी आपोआप सोडतात, कुणी सांगावं लागत नाही. ईव्ही इतकी भारी असेल तर बंदी कशाला लागते, आणि बंदी लागत असेल तर ती तितकी भारी नाही. दोन्हीपैकी एक काय ते ठरवा.

भुंगा:
तिरपागडा +१. आणि वीज कोळशावर बनवायची असेल तर आपल्या दारातलं धुराडं शेजाऱ्याच्या परसात नेऊन ठेवल्यासारखं आहे.

आकडेमोड:
@तिरपागडा, टाइपरायटर कुणाच्या नाकातोंडात जात नव्हता हो. ज्या वस्तूचा त्रास वापरणाऱ्याला न होता बाकीच्यांना होतो ती बाजार आपणहून काढत नाही. शिशाचं पेट्रोल बघा. १९२० च्या दशकात अमेरिकेत इंजिनाचं नॉकिंग (आतली ठकठक) थांबवायला पेट्रोलमध्ये शिसं घालायला लागले, ते विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं, कारखान्यात माणसं मेली होती, डॉक्टर ओरडत होते. जगातल्या शेवटच्या पंपांवरून ते कधी गेलं? २०२१ मध्ये, अल्जीरियात. जवळजवळ शंभर वर्षं. आणि गेलं ते कायद्याने, देशादेशात एकेक करून, ग्राहकाला कंटाळा आला म्हणून नाही.

आता २०३५ च का ते सांगतो, कारण ही तारीख कुणी हवेतून काढलेली नाहीये. युरोपचं ठरलंय २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा परत शोषून हिशोब शून्य. गाडी साधारण पंधरा वर्षं चालते. ५० मधून १५ गेले ३५. संपलं गणित. २०३४ च्या डिसेंबरात विकलेली पेट्रोल गाडी २०४९ मध्येही धूर सोडत असणार, तिसऱ्या मालकाकडे का होईना. युरोपात रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वयच बारा वर्षांच्या आसपास आहे. म्हणून तारीख पाच वर्षं ढकलली की तो धूर २०५० च्या पलीकडे पाच वर्षं सरकतो, मग त्याच्यासाठी दुसरीकडे कुठेतरी कपात शोधत बसा.

पाऊलवाट:
@आकडेमोड धन्यवाद, हे पंधरा वर्षांचं गणित बातम्यांत कुणी सांगतच नाही. सगळीकडे "२०३५ ला गाड्यांवर बंदी" एवढंच.

स्पॅनर:
ताई अगदी. माझं गाड्या दुरुस्तीचं काम आहे, अर्धी लोकं येऊन विचारतात की आता घेतलेली गाडी पस्तीस साली भंगारात द्यावी लागणार का. अहो नाही, बंदी नव्या गाडीच्या विक्रीवर आहे, जुनी चालवा, विका, इंजिन उतरवून परत बसवा, कुणी अडवत नाही. हे सांगून सांगून तोंड दुखलं.

बाकी मला विचाराल तर इंजिन ही चीज मला आवडते, उघडलेलं इंजिन बघत बसायला मजा येते, पण खरं सांगायचं तर टाकीत घातलेल्या पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकापर्यंत पोचते. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून गरम हवा होऊन जाते. शंभर वर्षं डोकी लावून लावून एवढंच जमलंय, आणि लोकांना वाटतं आता अजून एक टेक्निक आली की होईल. होणार नाही, उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला मर्यादा असते ती असतेच.

भुंगा:
माझ्या कोळशाच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही, नोंद घेतली आहे.

आकडेमोड:
लावतो हात, घाई काय आहे :)

एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा त्याहून थोडा जास्त. (लीटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग सव्वादोन किलो कुठून आला असं विचारायची पद्धत आहे. तर कार्बनला चिकटणारा ऑक्सिजन हवेतला असतो.) शिवाय तेल काढणं, वाहून नेणं, रिफायनरी, हे वेगळं. ईव्हीचं उलटं, चालताना काही नाही पण बॅटरी बनवताना भरपूर, आणि मग वीज कशी बनते त्यावर.

जन्मापासून भंगारापर्यंतचा सगळा हिशोब इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशनने २०२१ मध्ये मांडला होता. २०१५ चं फोक्सवॅगनचं डिझेल प्रकरण (चाचणीत धूर कमी दाखवायची लबाडी) ज्या चाचण्यांतून बाहेर आलं त्या चाचण्या करवून घेणारी हीच संस्था. त्यांचे आकडे असे: मध्यम आकाराची ईव्ही तशाच पेट्रोल गाडीपेक्षा युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी, अमेरिकेत ६० ते ६८, चीनमध्ये ३७ ते ४५ आणि भारतात १९ ते ३४ टक्के कमी. म्हणजे कोळशाच्या विजेवरही कमीच, पण फरक बराच बारीक होतो, तिथे तुमचं म्हणणं खरं आहे.

भुंगा:
१९ टक्क्यांसाठी एवढा आटापिटा? तेवढा पैसा कोळशाची वीज बंद करायला घाला की. एक वीज केंद्र बंद झालं तर किती गाड्यांचं काम होईल. आधी वीज स्वच्छ करा, मग गाड्या. घोडा आधी, टांगा मागून.

आकडेमोड:
पण दोन्हीला वेळ लागतो ना हो. आज घेतलेली पेट्रोल गाडी पंधरा वर्षांनी आजच्याइतकाच धूर सोडेल, उलट जुनी झाली की थोडा जास्तच. आज घेतलेली ईव्ही मात्र वीज जशी स्वच्छ होईल तशी आपोआप स्वच्छ होत जाते, मालकाने काही न करता. आधी वीज पूर्ण स्वच्छ करू आणि मग गाड्या बदलायला घेऊ म्हणालात तर गाड्यांची पंधरा वर्षं त्यानंतर सुरू होणार.

भुंगा:
हा मुद्दा बरा आहे. तरी पोलंडसारख्या देशाने युरोपच्या कायद्याला विरोध केला त्यात मला काही चूक दिसत नाही. त्यांची कोळशावरची वीज बघा आणि नॉर्वेची बघा. एकच तारीख दोघांना कशी?

नीलकांती:
नॉर्वेचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. बरीच वर्षं इथे राहते.

पहिली गोष्ट, नॉर्वेत बंदी नाहीच. आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्येही नाही. २०१७ मध्ये इथल्या संसदेने ठरवलं की २०२५ पर्यंत सगळ्या नव्या कार शून्य धुराच्या असाव्यात, पण ते उद्दिष्ट होतं, कायद्याने मनाई नव्हती. आजही कुणाला हौस असेल तर पेट्रोल गाडी घेऊ शकतो. फक्त तिच्यावर खरेदी कर आणि २५ टक्के व्हॅट असा काही बसतो की हौस फिटते. ईव्हीला हे कर बरीच वर्षं माफ होते, टोल नाही, बसच्या लेनमधून जाऊ द्यायचे, पार्किंगला सवलत. आता एकेक सवलत काढत आणलीये, महागड्या ईव्हीवर व्हॅट २०२३ पासून लागतो, पण तोवर लोकांना सवय झाली. २०२५ मध्ये नव्या विकल्या गेलेल्या गाड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त ईव्ही होत्या.

तरीही गंमत बघा, रस्त्यावरच्या एकूण गाड्यांत ईव्हीची संख्या पेट्रोल गाड्यांच्या पुढे गेली ती २०२४ च्या सप्टेंबरात, आणि तेव्हाही डिझेल त्यांच्या पुढे होतंच. आकडेमोड म्हणतात ते हेच, विक्री बदलली तरी रस्ता बदलायला वेळ लागतो.

थंडीत रेंज कमी होते का? होते, चांगलीच होते. गाडी गरम करायला बॅटरीच लागते कारण इंजिनाची फुकटची उष्णता नाही. लोक निघायच्या आधी चार्जरला लावलेली असतानाच गाडी गरम करून घेतात आणि लांब जायचं असेल तर एक थांबा जास्त धरतात. कुणी त्यावर धागे काढत नाही ;)

तिरपागडा:
म्हणजे जगात सगळ्यात यशस्वी देशाने बंदी घातलीच नाही. माझा मुद्दा सिद्ध झाल्याबद्दल नीलकांतीताईंचे आभार.

नीलकांती:
अहो सिद्ध कसला. तुम्ही म्हणालात लोक आपोआप सोडतात. इथे आपोआप काहीच झालं नाही, १९९० पासून सरकार कर आणि सवलती हलवतंय. आणि असले कर लावणं इथे सोपं पडलं कारण नॉर्वेत गाड्या बनवणारा मोठा उद्योगच नाही, कुणाची नोकरी जाणार नव्हती. वर जलविद्युत मुबलक. आणि हो, हा सगळा थाट तेल आणि गॅस परदेशात विकून आलेल्या पैशावर आहे, ते इथले लोकसुद्धा कबूल करतात, जरा खाली बघून.

टोपीवाला:
स्वतः ईव्ही चालवायची आणि तेल दुसऱ्याला विकायचं. धंदा असावा तर असा.

सोनटक्का:
मी जर्मनीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, नाव नको. गिअरबॉक्सच्या बाजूला. इथलं चित्र नॉर्वेच्या बरोब्बर उलट आहे. इंजिन, गिअरबॉक्स, इंजेक्टर, एक्झॉस्ट, यावर गावंच्या गावं जगतात आणि ईव्हीमध्ये हे भाग नाहीतच. मोटरमध्ये फिरणारे भाग बोटावर मोजण्याइतके. आमच्याकडे काम करणारा माणूस पन्नाशीचा, दातेरी चक्रं घासण्यात हयात गेली, त्याला "बॅटरीचं शिक्षण घ्या" म्हणणं सोपं आहे, पण बॅटरीचा कारखाना त्याच्या गावात येत नाही ना.

हे सगळं असूनही मी तारखेच्या बाजूने आहे, आणि ऐकायला विचित्र वाटेल पण आमच्या कंपनीतले बरेच जण आहेत. कारण तारीख पक्की असेल तर कुठली लाइन कधी बंद करायची, माणसं कधी निवृत्त होतायत, नवीन यंत्र घ्यायचं की नाही, सगळं बसवता येतं. नवं इंजिन किंवा गिअरबॉक्स डिझाइन करून कारखाना उभा करायचा तर तो पैसा वसूल व्हायला कितीतरी वर्षं लागतात. २०३५ ठरलं, त्याप्रमाणे आम्ही आखणी केली, मग म्हणाले बघू, मग म्हणाले ९० टक्के. आता दोन्ही प्रकारच्या लाइन चालू ठेवायच्या आणि दोन्हींचा खर्च सोसायचा. ज्यांनी आधी पैसा घातला ते मूर्ख ठरले आणि जे रडत बसले त्यांना सूट मिळाली.

आणि सवलतींवर भरवसा म्हणाल तर जर्मनीत डिसेंबर २०२३ मध्ये ईव्हीवरचं अनुदान अचानक बंद केलं, बजेटचा घोळ झाला म्हणून. पुढच्या वर्षी ईव्हीची विक्री पाव भागाहून जास्त पडली. म्हणजे तारीखही हलते आणि अनुदानही हलतं. सरकार हलतं त्याचा हा प्रश्न आहे.

पाऊलवाट:
सोनटक्का, प्रतिसाद फार आवडला. नेमकं हेच ऐकायचं होतं.

टोपीवाला:
जर्मनी म्हटलं की ई-फ्युएल आठवलं. २०२३ च्या मार्चमध्ये सगळं ठरलेलं असताना ऐन मतदानाच्या तोंडावर जर्मनी अडून बसला की ई-फ्युएलवर चालणारी इंजिनं चालू द्या. ते म्हणे हवेतला कार्बन घेऊन विजेने बनवलेलं पेट्रोल, म्हणजे जेवढा कार्बन घेतला तेवढाच सोडला, हिशोब शून्य. मला तरी हे भारी वाटलं. जुन्या गाड्या तशाच, पंप तसेच, फक्त पेट्रोल बदललं. यात चूक काय आहे?

स्पॅनर:
चूक काही नाही, इंजिनाला चालतं. मला तर हवंच आहे.

आकडेमोड:
चूक नाही, वीज फार खाते. आधी विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढा, मग कार्बन डायऑक्साइड पकडा, दोन्ही जोडून द्रव इंधन बनवा, ते टँकरने आणा आणि शेवटी स्पॅनर म्हणाले त्या इंजिनात जाळा जे तीन चतुर्थांश उष्णता करून फेकतं. शंभर युनिट विजेपैकी ईव्हीच्या चाकाला सत्तरएक मिळतात, ई-फ्युएलवाल्या गाडीच्या चाकाला पंधराएक. तेवढंच अंतर कापायला चार-पाच पट पवनचक्क्या लागणार. चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनासजवळ पोर्शने पैसा घातलेला प्रायोगिक कारखाना २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, तिथे वारा भन्नाट असतो म्हणून. त्याची क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लीटर. एखाद्या मोठ्या पंपाला महिनाभरही पुरणार नाही. जे काही ई-फ्युएल बनेल ते विमानांना आणि जहाजांना लागणार आहे, त्यांना बॅटरीचा पर्याय नाही. कारमध्ये जाळणं म्हणजे उधळपट्टी.

टोपीवाला:
बरं बुवा. टोपी काढली.

वाट_चुकलेला:
सगळे धुरावर बोलतायत, कोबाल्टवर कुणी बोलत नाही. जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतं आणि तिथल्या खाणींत लहान पोरं राबतात. लिथियमसाठी चिलीच्या वाळवंटातलं पाणी उपसतात. आपली हवा स्वच्छ म्हणून त्यांच्या जमिनीचं वाटोळं? २०३५ ची घाई केली की खाणींची पण घाई होणार आणि घाईत कोण बघतंय माणसांकडे.

आकडेमोड:
मुद्दा खरा आहे, यात वाद नाही. दोन गोष्टी फक्त. आता लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटऱ्या फार चालतात, चीनमध्ये तर त्याच जास्त, त्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. दुसरं, बॅटरीतला धातू जळून जात नाही, तो परत काढता येतो. युरोपच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यात टाकाऊ बॅटरीतलं ५० टक्के लिथियम २०२७ पर्यंत आणि ८० टक्के २०३१ पर्यंत परत मिळवायचं बंधन आहे. पेट्रोल एकदा जाळलं की गेलं, रोज नवीन उपसा.

वाट_चुकलेला:
कागदावरचं बंधन आणि खाणीतलं पोर यात बरंच अंतर आहे इतकंच म्हणतो. एलएफपीचं माहीत नव्हतं, वाचतो.

आगाऊ_कार्टं:
थोडं अवांतर. ईव्ही आल्या की रस्त्यावरचा आवाज जाणार म्हणून मी खूश होतो, तर कळलं की युरोपात ईव्हीला हळू चालताना मुद्दाम आवाज काढायची सक्ती आहे. ताशी २० किलोमीटरच्या खाली. म्हणजे शंभर वर्षं आवाज कमी करायला सायलेन्सर लावले आणि आता स्पीकर लावा.

नीलकांती:
ती अंध लोकांसाठी आणि पोराबाळांसाठी आहे हो, आणि बरोबर आहे. मागून गाडी आली की कळतच नाही. काही गाड्या अशा आवाज करतात की उडती तबकडी उतरते आहे असं वाटतं.

स्पॅनर:
अवांतरात माझी पण भर. ईव्ही ही नवीन भानगड आहे असं समजू नका. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली कार विजेवरची होती, १८९९ साली, बेल्जियमच्या जेनात्झीने चालवलेली. तेव्हा पेट्रोल गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागायचं, हात मोडायचे लोकांचे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर बसवला आणि पेट्रोलवाल्यांची भीड चेपली. ईव्हीचा पहिला काटा विजेच्याच मोटरने काढला.

खुर्चीवरून:
स्पॅनरभाऊ, यावर स्वतंत्र धागा काढा. वाचायला आवडेल.

मृदगंधी:
मला एक कळत नाही, सगळे इंजिन बदलायच्या मागे का? गाडीच कमी करा ना. दीड-दोन टनाचं लोखंड एका माणसाला न्यायला, ते पेट्रोलवर ओढा नाहीतर विजेवर, जागा तेवढीच, ट्रॅफिक तेवढंच, अपघात तेवढेच. ईव्ही तर बॅटरीमुळे अजून जड, टायर झिजून जी धूळ उडते ती जास्तच. बस, रेल्वे, सायकल यावर पैसा घाला. २०३५ ची बंदी म्हणजे "गाडी ठेवा, फक्त टाकी बदला" असं सांगून लोकांना गोंजारणं आहे.

आकडेमोड:
टायरचं बरोबर. ब्रेकची धूळ मात्र ईव्हीत कमी, कारण वेग कमी करताना मोटरच जनरेटर होऊन बॅटरी चार्ज करते, पॅड कमी घासतात. बाकी सार्वजनिक वाहतूक हवीच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण जिथे बसच जात नाही तिथल्या माणसाचं काय करणार?

मृदगंधी:
तिथे बस सोडायची. हे उत्तर कुणालाच का सुचत नाही.

खिडकीपाशी:
गरीब देशांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. खरोखरची बंदी पहिल्यांदा घातली ती श्रीमंतांनी नाही. इथियोपियाने २०२४ च्या सुरुवातीला पेट्रोल-डिझेलच्या खासगी कार आयात करायलाच मनाई केली. तारीखबिरीख काही नाही, लगेच. आणि कारण हवामानापेक्षा परकीय चलन होतं. तेल आयात करायला डॉलर लागतात, वीज मात्र घरची, जवळजवळ सगळी धरणांवरची, आणि नाईलवरचं त्यांचं ते प्रचंड धरण २०२५ मध्ये पूर्ण झालं. अडचणी आहेतच, राजधानीच्या बाहेर चार्जर शोधावे लागतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. पण "गरीब देशांना हे परवडणार नाही" असं जे आपण ठोकून देतो त्याला हे उलटं उदाहरण आहे. त्यांना तेल परवडत नव्हतं.

दुसरी बाजू पण आहे. श्रीमंत देशांत नव्या पेट्रोल गाड्या बंद झाल्या तरी जुन्या जातात कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल आहे, २०१५ ते २०१८ मध्ये जगात १ कोटी ४० लाख वापरलेल्या गाड्या निर्यात झाल्या, त्यातल्या ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, सगळ्यात जास्त आफ्रिकेत. युरोपचा धूर कागदावरून कमी होईल आणि तीच गाडी दुसऱ्या खंडात अजून बरीच वर्षं चालेल. ते २०५० च्या गणितात कुठे धरलंय?

आकडेमोड:
धरलेलं नाही. प्रत्येक देश आपल्या हद्दीतला धूर मोजतो.

तिरपागडा:
खिडकीपाशी, हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद, माझ्या विरोधात जातो तरी.

पाऊलवाट:
धागा चांगलाच फिरून आला. मला मूळ प्रश्नावर परत यायचंय आणि तो तिरपागडा यांनाच विचारते. बंदी नको म्हणता, ठीक. मग कार्बनवर कर चालेल का? जो जेवढा धूर सोडतो तेवढे पैसे भरेल, काय घ्यायचं ते त्याचं तो ठरवेल. बाजारवाल्यांना हे आवडायला हवं.

तिरपागडा:
हो, तत्त्वतः चालेल. बंदीपेक्षा कधीही बरं. कुणाला वर्षातून दोनदाच गाडी काढायची असेल तर त्याने जुनी पेट्रोल ठेवली आणि कर भरला तर बिघडलं कुठे. आणि जो रोज लांब जातो तो आपणहून ईव्ही घेईल, त्याला सांगावं लागणार नाही.

सोनटक्का:
तत्त्वतः सगळंच चालतं हो. फ्रान्सने इंधनावरचा कर वाढवायला घेतला, २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकात उतरले, महिन्याभरात वाढ मागे घ्यावी लागली. युरोपात गाड्यांच्या इंधनावर कार्बनची किंमत लावायची योजना २०२७ ला सुरू व्हायची होती, ती पण एक वर्ष पुढे ढकलायचं ठरलं. म्हणून पुढाऱ्यांना तारीख आवडते. कर आज भरावा लागतो, आणि ज्याला गाव सोडून लांब राहावं लागतं तो सगळ्यात जास्त भरतो. तारखेचे पैसे आज कुणीच भरत नाही. जाहीर करणारा २०३५ मध्ये खुर्चीवर नसतो.

पाऊलवाट:
आणि म्हणूनच ती ढकलणंही सोपं जातं.

सोनटक्का:
बरोब्बर. मला विचाराल तर चीनसारखी मधली पद्धत बरी. देशभर बंदीची तारीख नाही पण कंपन्यांना कोटा, दरवर्षी अमुक इतका वाटा बॅटरीवाल्या आणि प्लग-इन (चार्ज करता येणाऱ्या हायब्रिड) गाड्यांचा हवा, कमी पडलात तर दुसऱ्याकडून क्रेडिट विकत घ्या. २०२४ च्या जुलैत तिथे महिन्याच्या विक्रीत या गाड्या निम्म्याच्या वर गेल्या. ब्रिटनमध्येही तसंच आहे, २०२४ ला २२ टक्के, २०२५ ला २८, चढत चढत २०३० ला ८०. यात दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, दहा वर्षांनी नाही.

तिरपागडा:
कोटा म्हणजे हप्त्याने बंदीच की.

भुंगा:
प्लग-इन हायब्रिड मोजतात त्यात. ती मात्र मला चांगली वाटते. रोज विजेवर, लांब जायचं तर पेट्रोल. ९० टक्केवाल्या प्रस्तावात तिला जागा मिळणार असेल तर बरंच आहे ना?

आकडेमोड:
कागदावर बरंच. युरोपात आता गाड्यांमधूनच खऱ्या इंधनाचा डेटा गोळा होतो. २०२४ मध्ये आयोगाने तो जाहीर केला तेव्हा दिसलं की प्लग-इन हायब्रिड प्रत्यक्षात चाचणीतल्या आकड्याच्या साडेतीन पट धूर सोडतात. कारण लोक चार्जच करत नाहीत. कंपनीने दिलेली गाडी, पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, केबल डिकीत तशीच प्लास्टिकमध्ये.

स्पॅनर:
केबलचं खरं आहे, मी पाहिलीये गुंडाळलेली.

एक शंका आहे माझी, कुणाला माहीत असेल तर सांगा. २०३५ नंतर जुन्या गाड्या चालवायला परवानगी आहे हे मी गिऱ्हाइकांना सांगतो, पण पंप राहतील का? गाड्या निम्म्या झाल्या की पंपाचा धंदा निम्मा होणार, मग आडबाजूचे आधी बंद पडणार. म्हणजे ज्याला बसही नाही आणि चार्जरही नाही त्याचाच पंप पहिला जाणार.

नीलकांती:
इथे पंप अजून आहेत, पण बऱ्याच ठिकाणी आवारात फास्ट चार्जर आलेत आणि गर्दी तिकडे असते. चार्जिंगला वीस-पंचवीस मिनिटं लागतात त्यामुळे माणूस आत दुकानात येतो, पेट्रोलवाला पाच मिनिटांत निघून जायचा, म्हणून मालक खूश आहेत असं ऐकते. आडबाजूच्या पंपाचं मात्र तुम्ही म्हणता तसंच होणार बहुतेक.

भुंगा:
आणि पेट्रोलवरच्या करातून जे रस्ते होतात त्याचं काय? तो कर गेला की सरकार कुणाच्या खिशात हात घालणार?

नीलकांती:
ईव्हीवाल्यांच्या. आइसलँडने २०२४ च्या जानेवारीपासून किलोमीटरमागे आकार सुरू केला, न्यूझीलंडने त्याच वर्षी एप्रिलपासून. इथेही कुजबुज आहेच.

तिरपागडा:
बघा, सवलती संपल्या, टोल आला, आता किलोमीटरमागे कर. दहा वर्षांनी ईव्हीवाले धागा काढतील, "सरकारने आमच्या गाड्यांच्या मागे का लागावं".

आकडेमोड:
काढू देत, तेव्हा तुम्हीच पहिले +१ द्याल.